घोट्यात विरघळलेले स्क्रू

माझं शिक्षण चार यत्ता. त्यातल्या दोन उर्दूत गेल्या, कारण तेव्हा इकडं निजामाचं राज्य होतं, आणि पुढच्या दोन मराठीत. पाचवीत बसायच्या आधीच बापानं हातात काठी दिली आणि मेंढरांमागं लावलं. म्हणून अक्षर वाकडं आहे. चुका असतील, वाचणाऱ्यानं अर्थ घ्यावा.

आणि हे मी आपणहून लिहायला बसलो न्हाई. गुलबर्ग्याच्या दवाखान्यात ज्या डॉक्टरीणबाईंनी माझा पाय जुळवला त्यांनी मागं लागून लिहायला लावलं. म्हणाल्या, "अज्जा, तुमच्याकडची माणसं येतात. हाडात विरघळणारा स्क्रू घालतो म्हटलं की उठून जातात. माझं त्यांना पटत न्हाई. तुम्ही लिहून द्या, मी वाचायला देईन." मी म्हणालो, मी सगळं चांगलंच लिहीन असं न्हाई. त्या म्हणाल्या, वाईट असंल ते बी लिहा.

तर हे वाईटासकट आहे. ज्याला असा स्क्रू घालायचं ठरलंय, किंवा घातलाय आणि जो पाय उशीवर ठेवून छताकडं बघत पडलाय, त्यानं वाचावं.

तिची पट्टी

माझ्या पायाच्या आधी सुंद्राच्या पायाचं सांगावं लागतं. सुंद्रा माझी बायको. माझा घोटा मोडला तेव्हा तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

ती असताना एकदा बांधावरून घसरली आणि नडगी मोडली. दवाखान्यात नेलं. तिथं लोखंडाची पट्टी आणि सात स्क्रू घालून हाड नीट केलं. काम चांगलं झालं, त्याला नाव ठेवायला जागा न्हाई. त्या पायावर ती पुढं चार वर्षं पाणी भरत होती, मेंढरांमागं फिरत होती. पण डॉक्टरनं सांगितलं होतं, दीड वर्षानं या, पट्टी काढून टाकू.

नडगीवर मांस नसतं. स्क्रूचं डोकं कातडीखाली हाताला लागायचं. थंडी पडली की ती चुलीपुढं पाय पुढं करून बसायची आणि म्हणायची, "ओ, ही पट्टी विहिरीतल्या दगडावाणी गार होती. नेऊन काढून तरी आणा की." मी म्हणायचो, लोकर कातरून होऊ दे. मग म्हणालो, मारुतीचं लग्न होऊ दे. मारुती माझा मुलगा. मग मुलीचं, शांताचं, बाळंतपण आलं. चौथ्या थंडीत तीच म्हणाली, "राहू द्या आता. दुसऱ्यांदा फाडून घ्यायला माझ्यात जीव न्हाई."

मला तेव्हा बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. एक काम कमी झालं असं वाटलं.

पुढं तिला कावीळ झाली आणि सतरा दिवसांत ती गेली. तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. दूध-पाणी शिंपडून अस्थी वेचताना माझ्या बोटाला ती पट्टी लागली. काळी पडलेली, सात भोकांची. राखेच्या पोटात अजून धग होती, तशी ती ऊन होती. भावकीतला एकजण म्हणाला, ते लोखंड बी नदीत सोडा. अस्थी मी सोडल्या. पट्टी धोतराच्या सोग्यात बांधून घरी आणली आणि भिंतीतल्या देवळीत ठेवली. ती जिवंत होती तेव्हा मी ती काढून आणली न्हाई, आता नदीत कशाला टाकू.

अंबाडीची सुतळी

सुंद्राच्या माघारी राजेश्वर ह्या आमच्या गावातल्या घरात मी आणि अकरा मेंढ्या. बापाच्या काळात आमच्या दावणीला तीनशे होती. ही अकरा सुंद्रानं राखलेली. त्यातली कबरी नावाची म्हातारी मेंढी अजून बी दारात आली की आत डोकं घालून तिला शोधते.

आषाढात ओढ्याच्या चिखलात एक मेंढी फसली. ओढून काढताना माझं पाऊल दगडांच्या खाचेत राहिलं आणि अंग दुसरीकडं वळलं. वाळली तुराटी मोडावी तसा आवाज आला. मेंढी सुटली, मी बसलो.

आता मी काय केलं ते सांगतो. मेंढराचा पाय मोडला की आम्ही आतून लोकर लावतो, बाजूनं बांबूच्या कामट्या, आणि वरून अंबाडीची सुतळी आवळतो. अंबाडीच कामून, तर ती कुजते. मेंढरू एकदा कळपात सुटलं की सुतळी सोडायला त्याला पुन्हा धरावं लागत न्हाई. महिना-दीड महिन्यात सुतळी आपोआप कुजून गळते, तोवर हाड धरलेलं असतं. सांभाळायचं एकच. तसलं मेंढरू ओल्यात बसू द्यायचं न्हाई. ओल लागली की सुतळी लवकर कुजते, हाड कच्चं राहतं आणि पाय कायमचा वाकडा होतो. एवढं ध्यानात ठेवा. हे शहाणपण पुढं माझ्या जिवावर आलं होतं.

शंभरावर मेंढरांचे पाय बांधलेत, माझा बी मीच बांधला. नऊ दिवस तसाच पडलो. पाऊल भोपळ्याएवढं झालं आणि रंग जांभळाच्या पुढं गेला. चुलतभाऊ धोंडिबा मेंढ्या बघत होता, त्यानं शेवटी मला न विचारता पुण्याला मारुतीला फोन लावला.

कळलं तो दिवस

मारुती पुण्याला कंपनीत आहे, लग्नाच्या आधीपासून. तो आला, पायाकडं बघितलं. उचलून जीपमध्ये घातलं आणि गुलबर्ग्याला नेलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला माझ्या तोंडून शिवी जात होती. त्या काय त्याला नव्हत्या, पण त्याला लागत असतील.

डॉक्टरीणबाई पस्तिशीच्या असतील. त्यांची आई उदगीरकडची, म्हणून मराठी बोलत होत्या. त्यांनी माझ्या कामट्या आपल्या हातानं सोडल्या. विचारलं, कुणी बांधलं. मी म्हणालो, मी.

"बांधलंय नामी," त्या म्हणाल्या, "पण हाड सरकल्यावर बांधलंय, अज्जा. आतलं बी मोडलंय, बाहेरचं बी. उघडून जुळवावं लागंल. न्हाई तर तुम्ही ह्या पायावर चालणार न्हाई."

मी विचारलं, पट्टी घालणार का. त्या व्हय म्हणाल्या. मी मारुतीला म्हणालो, मला घरी ने.

तिथं मारुतीचा बांध फुटला. मला चाकाच्या खुर्चीवरून व्हरांड्यात ढकलत नेलं आणि भिंतीकडं तोंड करून बोलला. माझ्याकडं बघून बोलायची आमच्या घरात रीत न्हाई.

"अप्पा, एक नीट ऐका. दसऱ्याला मी येणार हाय. तवर तुमी तुमच्या पायानं माळावर जाऊन मेंढ्या घेऊन परत आलाव, तर राहा राजेश्वरात, मी पुन्हा नाव काढणार न्हाई. न्हाई आलाव, तर मेंढ्या धोंडिबाकाकाला देऊन टाकायच्या, घराला कुलूप, आणि तुमी पुण्याला. तुमाला एकट्याला मोडक्या पायानं तिथं सोडून मला झोप लागत न्हाई."

पुण्याला त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. मी दोनदा गेलोय. सून चांगली आहे, वेळेवर ताट देते. पण खिडकीतून बघायला समोरची खिडकी. आणि राजेश्वरच्या घराला कुलूप म्हंजे सुंद्राची चूल, तिची देवळी, कबरी, सगळ्यालाच कुलूप. पायाचं दुखणं मी विसरलो. त्या दिवसापासून मला एकच धास्ती होती, दसरा.

आत परत नेलं तेव्हा मी बाईंना सरळ विचारलं, लोखंड सोडून दुसरं काही असतं का. जे पुन्हा काढावं लागत न्हाई असं. का ते सांगितलं न्हाई.

त्यांनी खणातून एक डबी काढली. आत स्क्रू होता, पिवळट पांढरा, मेणकांडीच्या तुकड्यासारखा. तळहातावर ठेवला तर वजन लागेना. त्या म्हणाल्या, हा एक जातीचं प्लास्टिकच, पण अंगात राहत न्हाई. हाड जुळेपर्यंत धरतो, मग वर्ष-दोन वर्षांत अंगातल्या पाण्यानं हळूहळू विरघळून जातो. पुन्हा फाडायचं काम न्हाई. पट्टी बी त्याच जातीची मिळते.

मी म्हणालो, म्हंजे अंबाडी. त्यांना कळलं न्हाई, मी बी सांगत बसलो न्हाई.

त्या बाईंनी नुसतं गोड सांगितलं न्हाई, हे मुद्दाम लिहितो. म्हणाल्या, "लोखंडावर चुकून पाय टेकला तर लोखंड सांभाळून घेतं. हे सांभाळून घेत न्हाई. आठ आठवडे पाय जमिनीला लावायचा न्हाई. लावलात तर तुटंल, आणि मग मला लोखंडच घालावं लागंल."

मी मनात आठवडे मोजले. दसऱ्याला दोन आठवडे उरत होते. अंगठा दिला. सही येते मला, पण अक्षरं जुळवत बसायला धीर नव्हता.

फोटोत काही न्हाई

सूज उतरायला पाच दिवस पाय उंचावर ठेवून पाडून ठेवलं. मग ऑपरेशन. कमरेत सुई दिली आणि खालचं अंग दुसऱ्या कुणाचं तरी झालं. सुताराच्या दुकानात बसल्यासारखा आवाज येत होता. मी छताच्या पंख्याच्या पात्या मोजत होतो. तीनच होत्या, पण मी पुन्हा पुन्हा मोजत होतो.

दवाखान्यात दिवस कसा जातो ते ज्याचं त्यानं बघावं. सकाळी झाडू, मग चहा, मग सुई, मग डॉक्टर लोकांची दिंडी, मग काही न्हाई. ते काही न्हाई लई लांब असतं. शांता माझ्याजवळ राहिली. ती खजुरीला दिलेली, सासरचं सगळं टाकून आली. मला पॉटवर घ्यायचं काम लेकीनं केलं. पहिल्या दिवशी मी तोंड फिरवून रडलो. ती म्हणाली, "अप्पा, मी लहान असताना तुमी माझं काढलं नव्हतं का." मी खरं सांगितलं, न्हाई, तुझ्या आईनंच काढलं. ती हसली. त्या हसण्यानं थोडं सोपं झालं.

शेजारच्या खाटेवर करजगीचा हुसेनसाब होता. शिंपी. मांडीत लोखंडाची सळी घातलेली. एका सकाळी दोघांचे हाडांचे फोटो आले. त्यानं त्याचा खिडकीच्या उजेडात धरला. सळी पांढरीशुभ्र चमकत होती. माझा धरला. हाडं होती, हाडांना भोकं होती. बाकी काही न्हाई. स्क्रू न्हाई, पट्टी न्हाई.

हुसेनसाब म्हणाला, "अण्णा, तुमारे पाँव में तो कुच बी नै. खाली सिलाई मारके छोड दिये क्या?"

शिंप्यानं शिवणीवर बोलावं हे बरोबरच होतं. वॉर्डात सगळे हसले. मी न्हाई हसलो. सुंद्राचा फोटो मला पाठ होता, त्यात पट्टी शिडीसारखी दिसायची. माझ्या मनानं घेतलं, म्हातारा आहे, कुठं कळतंय, म्हणून ह्यांनी नुसतं फाडून शिवलं. दुपारपर्यंत मी जेवलो न्हाई.

बाई आल्या तेव्हा मी फोटो त्यांच्यापुढं टाकला आणि म्हणालो, माझ्या पायात काय घातलं ते दाखवा. त्या चिडल्या न्हाईत. खणातला तो स्क्रू आणून फोटोच्या मशीनखाली ठेवला, शेजारी आपली अंगठी ठेवली. फोटोत अंगठी आली, स्क्रू आला न्हाई. म्हणाल्या, हा फोटोत दिसतच न्हाई, अज्जा. दिसतात ती त्यासाठी पाडलेली भोकं. हाड भरत जाईल तशी ती बी जातील.

हे मुद्दाम सांगतो. तुमच्या फोटोत काही दिसलं न्हाई तर जेवण टाकू नका.

ओल

पायाला प्लास्टर घालून घरी सोडलं. शांता बरोबर आली. बाजेवर पडून दारातून मेंढ्या जाता-येताना बघायच्या, एवढंच काम. कबरी येऊन प्लास्टर हुंगून जायची.

आणि पडल्या पडल्या मला एक गोष्ट खायला लागली. बाई म्हणाल्या होत्या, अंगातल्या पाण्यानं विरघळतो. बाहेर श्रावणाची झड होती. भिंतींना ओल आली होती. ओलीनं अंबाडी लवकर कुजते हे मला सांगायला डॉक्टर लागत न्हाई. मी हिशेब केला, अंगात पाणी जेवढं जास्त तेवढा स्क्रू लवकर जाणार. लवकर गेला तर हाड कच्चं, पाय वाकडा, दसरा गेला, घराला कुलूप.

मग मी पाणी तोडलं.

कुणाला सांगितलं न्हाई. शांता तांब्या भरून उशाशी ठेवायची, ती चुलीकडं गेली की मी अर्ध्याच्या वर खिडकीतून बाहेर ओतायचो. भाकरीबरोबर दोन घोट, बस. ताक नको म्हणालो, आमटी नको, कोरडी चटणी-भाकरी मागायचो. ती म्हणायची, अप्पांच्या तोंडाला चव आली. उन्हाळ्यात माळावर दिवसभर पाण्यावाचून काढलेलं अंग, मला ते काही जड वाटलं न्हाई. उलट वाटलं, ह्या एका गोष्टीत मी शहाणा निघालो.

दुसऱ्या आठवड्यात लघवीला जळायला लागलं. मग थेंब थेंब, चहाच्या रंगाची. मी तिकडं बी लक्ष दिलं न्हाई. तिसऱ्या आठवड्यात हुडहुडी भरून ताप आला आणि मी शांताला सुंद्रा म्हणून हाक मारायला लागलो, असं शांता सांगते. मला आठवत न्हाई. धोंडिबानं आणि तिनं पुन्हा जीपमध्ये घातलं.

शुद्धीवर आलो तर खाटेवर, आणि वर सलाइनची बाटली. थेंब थेंब पाणी नळीतून सरळ माझ्या अंगात जात होतं. मी ते बघितलं आणि दुसऱ्या हातानं सुई उपटली. चादर लाल झाली. नर्स धावत आली, हात दाबून धरला आणि तांब्या तोंडाला लावत म्हणाली, "नीर कुडीरी, अज्जा, नीर कुडीरी." पाणी प्या म्हणत होती. मी दात आवळले. शांता पायाशी उभी होती, रडत होती. मी तिला म्हणालो, "ह्यांना सांग, पाणी घालू नका. पाय जायलाय माझा."

तेव्हा कुठं त्यांना कळलं मी काय केलं होतं ते.

बाईंनी आधी नर्सकडून दुसऱ्या हाताला सुई लावून घेतली. मग स्टूल ओढून बसल्या आणि विचारलं, पाण्याचं कुणी सांगितलं. मी अंबाडीचं सगळं सांगितलं, कामट्यांपासून ओलीपर्यंत. त्या हसल्या न्हाईत. शांतपणे ऐकलं, मग उठून गेल्या आणि एक काचेची बाटली घेऊन आल्या. झाकण लावलेली, काठोकाठ पाण्यानं भरलेली, आणि तळाला तोच स्क्रू.

"हा ह्या पाण्यात दोन वर्षं पडून हाय," त्या म्हणाल्या. "बघा, गेला का."

मी बाटली उजेडाला धरली. स्क्रू जरा दुधाळ झाला होता. आटे सगळे जागेवर होते.

"अंगाची ऊब हाय म्हणून तुमच्यातला ह्याच्यापेक्षा लवकर जाईल. पण तुम्ही पाणी पिऊन तो पळत न्हाई आणि न पिऊन थांबत न्हाई. त्याला लागतं तेवढं पाणी अंग कुठून बी पुरवतं. तुम्ही पाय वाचवला न्हाई, अज्जा. मूत्रपिंडं वाळवलीत. अजून दोन दिवस उशीर झाला असता तर मी पायाचं बघायची गरजच राहिली नसती."

मी बाटली खाली ठेवली. मग विचारलं, विरघळून जातो कुठं. त्या म्हणाल्या, ताकात जे आंबट असतं तसलं काहीतरी होतं त्याचं, आणि मग शेवटी थोडं लघवीतून, बाकी श्वासातून बाहेर. मी पुन्हा विचारलं, श्वासातून? त्या व्हय म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, "लोखंड कामून नको म्हणत होताव, ते तरी सांगा आता."

मी सुंद्राच्या पट्टीचं सांगितलं. राखेचं बी सांगितलं. त्यांनी विचारलं, का काढली न्हाई. शांता तिथंच होती. मी म्हणालो, "मी नेलं न्हाई. तीनदा म्हणाली ती. मी नेलं न्हाई."

शांताला हे ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, आईनंच नको म्हटलं. ती उठून बाहेर गेली. बऱ्याच वेळानं आली तेव्हा तिच्या हातात तांब्या होता. तो तिनं माझ्या तोंडाला लावला. मी सगळा प्यालो.

घरी निघताना बाईंनी ती बाटली मला दिली. म्हणाल्या, मनात शंका आली की हिच्याकडं बघा, आणि एक ग्लास पाणी प्या.

दसरा

आठ आठवडे भरल्यावर प्लास्टर कापलं. आतून निघालेला पाय माझा म्हणून कुणी दाखवला असता तर मी मानलं नसतं. वेताच्या काठीएवढा, खवले आलेला, वास मारणारा. हाड जुळलं होतं. बाई म्हणाल्या, आता टेका, पण घाई नको. मी घाई केली, हे बी लिहितो. तुम्ही करू नका.

पहिल्या दिवशी टेकला तर पाऊल जमिनीवर हाय का न्हाई तेच कळेना. काठी एका हातात, दुसरा हात भिंतीवर. बाजेपासून देवळीपर्यंत, देवळीपासून चुलीपर्यंत. देवळीत पट्टी आणि तिच्या शेजारी बाटली. तिथं पोचलो की दम खायचा. शांता दारात बसून म्हणायची, अप्पा, कबरी तुमच्यापेक्षा बरी चालायलीय.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मारुती आला. चहा प्याला, इकडचं तिकडचं बोलला. दसऱ्याला सकाळी मी मेंढ्या सोडल्या. त्याला चल म्हणालो न्हाई. तो आपणहून मागं आला, वीस पावलं ठेवून.

माळ आमच्या घरापासून जवळ आहे. चांगल्या पायाच्या माणसाला बिडी संपायच्या आत पोचता येतं. मला किती लागलं ते मोजलं न्हाई. दोनदा दगडावर बसलो. मेंढ्या पुढं जाऊन थांबायच्या, मी उठलो की चालायच्या. ओढ्याच्या उतारावर पाऊल मुरगाळलं आणि घोट्यात कळ उठली. वाटलं, तुटला. उभा राहिलो. मागं मारुतीचं चालणं थांबल्याचं कळलं, पण तो पुढं आला न्हाई. मी पाय हळूच टेकला. धरला. पुन्हा टेकला. धरला.

माळावर तासभर बसलो आणि मेंढ्या घेऊन परत फिरलो. दारात पोचल्यावर मारुती शेजारी आला आणि खाली बघत म्हणाला, "पाऊल वाकडं पडायलंय, अप्पा."

मी म्हणालो, "पडू दे. पडायलंय ना."

 मेंढ्या वाड्यात घालायला त्यानं फाटक धरलं. दुसऱ्या दिवशी एकटाच पुण्याला गेला.

आता

त्याला तीन वर्षं होत आली. मधल्या काळात एकदा घोट्याच्या आतल्या बाजूला चिंचोक्याएवढी गाठ आली होती. बाई म्हणाल्या, स्क्रू विरघळताना कुणाकुणाला येते, दुखली, लाल झाली किंवा वाहायला लागली तर या. दोन महिन्यांत गेली. तुम्हाला आली तर भिऊ नका, पण दाखवा. घरगुती लेप लावत बसू नका, माझं ऐका. आणि डॉक्टरनं सांगितलेल्याचा आपल्या धंद्यावरून अर्थ लावला असंल, तर तो त्यांना बोलून दाखवा. आपला धंदा खोटा नसतो, पण हाड माणसाचं आहे.

मागच्या खेपेला फोटो काढला. भोकं सुद्धा दिसेनात. बाई म्हणाल्या, तुमच्या पायात आता माझं काही न्हाई, अज्जा, सगळं तुमचंच. बाटलीतला स्क्रू मात्र अजून आहे, पांढरा पडलाय, एका बाजूनं पापुद्रे निघालेत. माझ्यातला कुठल्या श्वासाला संपला ते मला कळलं न्हाई. माळावर बसल्या बसल्या गेला असंल.

थंडीत माझा घोटा दुखत न्हाई. त्याचंच कधी कधी वाईट वाटतं. चुलीपुढं पाय पुढं करून बसतो, आणि तिला जी गार लागायची ती मला लागत न्हाई.

मागच्या दिवाळीला मारुतीनं देवळीतली पट्टी हातात घेऊन विचारलं, हे नदीला कामून सोडलं न्हाई. मी त्याला सगळं सांगितलं आणि आणखी एक सांगून ठेवलं. मी गेल्यावर ही पट्टी माझ्या पायाशी ठेवायची, सरणावर. राख सावडताना कुणाच्या तरी बोटाला लोखंड लागंल. भावकी म्हणंल, म्हाताऱ्याच्या घोट्यात घातलं होतं ते. म्हणू द्यायचं. मारुतीला तेवढं ठाऊक असावं, की माझं काही उरलेलं न्हाई. ते तिचं आहे, काढून आणायला मला उशीर झाला.